शुक्रवारचं ऐकणं

गाणं लागलं की तो डोळे मिटायचा आणि थोड्या वेळाने उजव्या हाताचं एक बोट वर करायचा. वर्गात पाणी प्यायला जाण्याची परवानगी मागताना मुलं करतात ना, तसं. बोट वर गेलं म्हणजे मागे कुठलं तरी वाद्य आलं. बोट खाली आलं म्हणजे ते गेलं. मग डोळे उघडून तो माझ्याकडे बघायचा आणि विचारायचा, "ऐकलंत ना, साहेब?"

मी म्हणायचो, "हो."

त्याला सगळे मास्टर म्हणत. खरं तर त्या इमारतीत दोन मास्टर होते. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधली ती जुनी तीन मजली इमारत. खालचे मजले जीन्स शिवण्याच्या कारखान्याचे, तिथला कपडा कापणारा कटिंग मास्टर, आणि सगळ्यात वर एका खोलीत हा. त्यामुळे चेन आणि बटणांच्या पिशव्या घेऊन आलेली माणसं चुकून वर चढायची, आणि गाण्याचा ट्रॅक न्यायला आलेली पेन्शनर मंडळी खाली जीन्सच्या ढिगाऱ्यात उभी राहून "आमचं झालं का?" विचारायची. कटिंग मास्टर वर न बघता कात्रीनेच जिना दाखवायचा.

आमच्या मास्टरचा धंदा ट्रॅक बनवण्याचा. हौशी गायकांना मागे वाजायला गाणं लागतं, पण त्यात मूळ गायकाचा आवाज नको असतो. तसं बिनआवाजाचं गाणं हा स्वतः घडवायचा. मूळ गाणं शंभर वेळा ऐकायचं, त्यातलं एकेक वाद्य कानाने सुटं करायचं, ते की-बोर्डवर पुन्हा वाजवायचं, एकावर एक रचायचं आणि गायकाच्या पट्टीत बसवून द्यायचं. हे तो कुणाकडे शिकला नव्हता. गाणी ऐकून ऐकूनच शिकला.

आता मी त्याच्याकडे कसा पोचलो, तेही सांगायला हवं. मी आनंदनगर एमआयडीसीत एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होतो. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी. ज्यांनी ही सुट्टी भोगली आहे त्यांनाच तिचं दुःख कळेल. बायको शाळेत शिकवायला, मुलगी कॉलेजात, अख्खं बदलापूर मुंबईला कामाला. सकाळी दहा वाजता आमच्या सोसायटीत मी, वॉचमन आणि गच्चीवरची कबुतरं. रविवारी घरात सगळे जमायचे तेव्हा मी डबा घेऊन कंपनीत. अशी पंचवीस वर्षं काढल्यावर माणूस गायला लागला तर त्यात नवल नाही. अंबरनाथ पूर्वेला एक कराओके ग्रुप होता, त्यात मी नाव घातलं. आवाज बरा होता, पण वरच्या पट्टीत जाताना शिट्टी न झालेल्या कुकरसारखा व्हायचा. ग्रुपच्या सेक्रेटरी बाई फार स्पष्ट होत्या. त्या म्हणाल्या, मास्टरकडे जा आणि पट्टी उतरवून घ्या, लोकांचे हाल करू नका.

एका संध्याकाळी कंपनीतून सुटल्यावर गेलो. त्याने मला चटईवर बसवलं, गाण्याचं नाव विचारलं आणि पुढे विचारलं, "हे गाणं ऐकलंय का तुम्ही?"

मला जरा रागच आला. म्हटलं, न्हाणीघरात का होईना, तीस वर्षं गातोय.

"गाता ते ठीक आहे, साहेब. ऐकलंय का?"

मग त्याने ते गाणं लावलं आणि म्हणाला, गायिकेकडे लक्ष देऊ नका, शब्दांकडे तर अजिबात नको, फक्त डावीकडे मागे एक गिटारवाला बसलाय, तो काय करतोय तेवढं बघा. मी अडीच मिनिटं कान टवकारून बसलो. मला गायिका ऐकू आली, ढोलक ऐकू आला, खालच्या मजल्यावर शिलाई मशिनं ऐकू आली. गिटारवाला काही सापडला नाही. गाणं संपल्यावर त्याने विचारलं, आणि मी म्हटलं, "हो." पहिल्यांदा भेटलेल्या माणसाला नाही कशाला म्हणायचं, एवढाच त्यात विचार होता. पण त्याचा चेहरा असा उजळला की मी चपापलो.

नंतर कळलं की माझ्याआधी त्याच्याबरोबर ऐकणारा एकच माणूस होऊन गेला होता. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात हा की-बोर्ड वाजवायचा तेव्हा शेजारी ऑक्टोपॅड वाजवणारा एक मित्र होता. दोघं टेम्पोत बसून एकाच हेडफोनचे दोन कान दोघांत वाटून घ्यायचे. तो मित्र सुरतेला नोकरीला गेला, मग त्याचे फोन कमी झाले, मग बंद झाले. लग्न मास्टरने केलंच नव्हतं. आई होती ती गेली. खोलीत की-बोर्ड, लॅपटॉप, एक उंच पंखा, स्टोव्ह आणि वह्यांची चळत.

पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा गेलो, कामाशिवाय. त्यालाही शुक्रवारच सोयीचा, कारण खालची मशिनं त्या दिवशी बंद. मग हे दर शुक्रवारचं झालं. बायको म्हणाली, निदान घरात बसून मोबाइल बघण्यापेक्षा बरं.

त्याच्या ऐकण्याची सुरुवात एका बिघाडातून झाली होती. ऑर्केस्ट्राची गाणी बसवायला त्याच्याकडे एक वॉकमन होता, आणि त्याच्या हेडफोनची वायर पिनेपाशी तुटायला आली होती. इकडे वाकवली की डावा कान चालू, तिकडे वाकवली की उजवा. एकदा डावा कान चालू असताना त्याला दिसलं की गाण्यातली मेंडोलिन गायब आहे. त्याला वाटलं कॅसेट खराब झाली. वायर दुसरीकडे वाकवली तर मेंडोलिन हजर, पण व्हायोलिनवाले गेले. हे सांगताना तो दर वेळी हसायचा.

"तेव्हा डोक्यात आलं, साहेब. गाण्यात माणसं बसवलेली असतात. हा इथे, तो तिथे. जेवायला पंगत बसवतात तशी."

त्याने तो हेडफोन वर्षभर दुरुस्त केला नाही. सगळ्या गाण्यांचा आधी डावा भाग ऐकला, मग उजवा. वहीत मधोमध रेघ मारून कोण कुठे बसलंय ते लिहून काढलं. अशा वह्या मी पाहिल्या आहेत. पेन्सिलीने काढलेले छोटे गोल, प्रत्येकाखाली वाद्याचं नाव, आणि काही ठिकाणी "हा कोण?" एवढंच.

त्याच्या रीती त्याच्याच होत्या. ट्रॅक झाला की खोलीत लावून ठेवायचा आणि आम्ही दोघं जिन्यात एक मजला खाली जाऊन उभे राहायचो. तिथून ज्याचा आवाज जास्त येतो तो वाजवणारा शेफारला आहे, त्याला खाली बसवायचा. मग आवाज इतका बारीक करायचा की जेमतेम ऐकू यावं. त्यात जे उरतं ते गाण्याचं हाड, असं तो म्हणे. आणि शेवटची परीक्षा रिक्षात. ओळखीचा एक रिक्षावाला होता, तो कॅम्प पाचहून अंबरनाथ एमआयडीसीत शुक्रवारीही चालू असणाऱ्या एका कंपनीचे दुसऱ्या पाळीचे कामगार नेई. मास्टर पुढे त्याच्या शेजारी अर्ध्या सीटवर, मी मागे तीन कामगारांत चौथा, आणि सीटमागच्या स्पीकरवर आमचा ट्रॅक. एका कामगाराने बराच वेळ ऐकून विचारलं, "काका, गाणारा कुठे गेला? पळाला काय?" मास्टर मागे वळून म्हणाला, तुमच्या शेजारीच बसलाय. मग त्या लोकांनी मला गायला लावलं. एमआयडीसीच्या गेटपर्यंत मी गात होतो. आयुष्यात त्याहून चांगला श्रोतृवर्ग मला मिळाला नाही.

एकदा त्याला एका जुन्या गाण्यातला घुमारा हवा होता. मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये आवाज भिंतीला लागून परत येतो, तसा. लॅपटॉपमध्ये बनवलेला त्याला पटेना. तेव्हा पालेगावात टॉवर उभे राहत होते. आम्ही एका अर्धवट इमारतीत आठव्या मजल्यापर्यंत चढलो आणि प्रत्येक खोलीत जाऊन टाळी वाजवू लागलो. एक टाळी, मग शांत, मग पुढची खोली. वॉचमन धापा टाकत वर आला. टाळ्या वाजवणारे दोन मध्यमवयीन पुरुष बघून त्याला काय वाटलं असेल, देव जाणे. मास्टर शांतपणे म्हणाला की खोली बघतोय. वॉचमन लगेच अदबीने म्हणाला की सर, सॅम्पल फ्लॅट खाली आहे, तिथे एसी पण आहे.

पण या सगळ्यापेक्षा मला आठवतात ती त्याची माणसं. गाण्यात वाजवणारे लोक त्याला ओळखीचे झाले होते. त्यांची नावं त्याला माहीत नव्हती, कारण कॅसेटवर गायकाचं नाव असतं, ढोलकवाल्याचं कोण छापतो? पण हा वाजवण्यावरून ओळखायचा. एक ढोलकवाला होता, डाव्या हाताची थाप किंचित उशिरा देणारा. तो कितीतरी गाण्यांत त्याला सापडला होता. नवं गाणं ऐकताना मध्येच म्हणायचा, "हा आला बघा आपला. आज खूश आहे." किंवा, "आज याला घरी जायची घाई आहे." मी हसायचो. एकदा वही चाळता चाळता तो म्हणाला की अमुक एका वर्षानंतरच्या गाण्यांत हा कुठेच नाही. सगळीकडे शोधला. वही मिटून तो बराच वेळ पंख्याकडे बघत बसला. अनोळखी माणसासाठी सुतक पाळणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

आता त्या बारीक सुराकडे येतो.

एका शुक्रवारी त्याने मला एक जुनं हिंदी गाणं ऐकवलं. नाव सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही गुणगुणायला लागाल. दुसऱ्या कडव्याआधी व्हायोलिनं वाजतात, त्यांच्या मागे एक फार बारीक, उंच सूर आहे, असं तो म्हणाला. काचेच्या पेल्याच्या कडेवरून ओलं बोट फिरवावं तसा. हे त्याला तीस वर्षांत कधी सापडलं नव्हतं, आणि आता सापडल्यावर राहवत नव्हतं. बोट वर करून तो कितीतरी वेळ तसाच बसला होता. "ऐकलंत ना, साहेब?" मी म्हटलं, हो, काय सुंदर आहे. सुंदर हा शब्द माझ्या पदरचा.

पुढच्या आठवड्यात तो सूर त्याला दुसऱ्या गाण्यात सापडला. मग तिसऱ्या. त्याने ठरवलं की एकच वादक असणार, किंवा एकाच संगीतकाराची ही करामत असणार. त्यासाठी नवी वही घातली. त्या काळात त्याला खोलीतल्या ट्यूबलाइटचाही त्रास व्हायला लागला. चोक किणकिणतो म्हणे. एकदा बदलला, महिन्याभराने पुन्हा बदलला. दुकानदार म्हणाला, चोक चांगला आहे. मास्टर म्हणाला, लोकांना कान नाहीत.

आणि मी दर वेळी हो म्हणत राहिलो. आता विचार केला तर लाज वाटते. कंपनीत मी अर्ध्या मिलिमीटरसाठी अख्खा लॉट परत पाठवणारा माणूस. माझ्या लाल टॅगला सप्लायर घाबरायचे. पण इथे, आठवड्यातून एकदा ज्याच्या चेहऱ्यावर माझ्यामुळे आनंद दिसायचा, त्याला नाही म्हणणं मला जमलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही जायला दुसरी जागा नव्हती. आपण दोघं काहीतरी एकत्र ऐकतोय, असं त्याला वाटत होतं, आणि त्याला तसं वाटतंय यावर माझा शुक्रवार निघत होता.

त्याच सुमारास ग्रुपमध्ये कुरकुर सुरू झाली. मास्टरचे ट्रॅक हल्ली टोचतात, असं लोक म्हणू लागले. झांजा कानात घुसतात, व्हायोलिनं करवतीसारखी लागतात. मलाही तसं वाटत होतं. तो विचारायचा, ट्रॅक बरोबर आहे ना? मी म्हणायचो, एक नंबर. हळूहळू त्याच्याकडे जाणं लोकांनी थांबवलं. मग मोबाइलमध्ये नवीन अ‍ॅप आलं, कुठलंही गाणं घालून मिनिटभरात गायकाचा आवाज काढून टाकणारं. सेक्रेटरी बाई म्हणाल्या, चला, कटकट मिटली.

हे त्याला सांगायचं काम माझ्यावर आलं. घाबरतच सांगितलं. वाटलं होतं चिडेल, रडेल. तो चटईवरून उठलाच. म्हणजे सगळी वाद्यं सुटी करून मिळतात? ढोलक वेगळा, बेस वेगळा, तंतुवाद्यं वेगळी? आपला धंदा बुडाला हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. आयुष्यभर ज्यांना भिंतीपलीकडून ऐकलं त्यांच्या घरात जाऊन बसायला मिळणार होतं. मुलीला विचारून मी त्याच्या लॅपटॉपवर ते सगळं घालून दिलं, आणि पुढच्या शुक्रवारी आम्ही ते जुनं हिंदी गाणं घेऊन बसलो.

त्या दिवशी लाइट नव्हती. शुक्रवारी देखभालीसाठी लाइट जाते, त्यात विशेष काही नाही. पंखा बंद, ट्यूब बंद, खालचा कारखाना बंद. लॅपटॉप बॅटरीवर. त्याने हेडफोन लावला आणि आधी व्हायोलिनं उघडली. बोट वर गेलं. तो सूर होता. मग त्याने व्हायोलिनं बंद करून नुसता ढोलक लावला. बोट वरच राहिलं. त्याने डोळे उघडले. नुसता बेस लावला. मग नुसता गायिकेचा आवाज. मग सगळंच बंद केलं आणि हेडफोन कानावरून काढून मांडीवर ठेवला.

खोलीत काहीच वाजत नव्हतं. रस्त्यावरून एक हातगाडी गेली, तेवढंच.

"साहेब, गाणं बंद आहे. तरी वाजतोय."

मी लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं.

"तुम्हाला येतोय ना?"

आताही हो म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण बाहेर पडलं ते, "नाही."

"आता नाही, की कधीच नाही?"

"कधीच नाही, मास्टर."

मग मीच बोलत सुटलो. गिटारवाला मला पहिल्या दिवशीही सापडला नव्हता, दहातल्या आठ वेळा मी नुसतं हो म्हणत होतो, ट्रॅक टोचतात असं ग्रुपमध्ये दोन-तीन वर्षं म्हणतायत, मलाही टोचत होते, हे सगळं एका दमात सांगून टाकलं. तो खाली चटईकडे बघत ऐकत होता. माझं बोलणं इतक्या लक्षपूर्वक कुणी कधी ऐकलं नसेल.

मग म्हणाला, "कंपनीत माल परत पाठवता ना, साहेब? माझाही पाठवायचा होतात."

त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघंच गेलो. काचेच्या छोट्या केबिनमध्ये त्याला हेडफोन घालून बसवलं. हातात बटण, आवाज आला की दाबायचं. मी बाहेरून बघत होतो. सुरुवातीला तो पटापट दाबत होता, पुढे थांबला. डोळे मिटून, मान तिरकी करून, बटणावर अंगठा ठेवून तो वाट बघत बसला होता. तपासणाऱ्या मुलीने तेवढ्यात चार-पाच वेळा सूर सोडले होते, ते तिच्या यंत्रावरच्या दिव्यावरून मला दिसत होतं.

कागदावर रेघ निघाली. डावीकडून सरळ येते आणि मग एकदम खाली. डॉक्टर समजावू लागले, पण मास्टरला समजावायची गरज नव्हती. अशा रेघा त्याने लॅपटॉपवर हजारो वेळा स्वतः काढल्या होत्या. ट्रॅकमधले वरचे सूर कापायचे असले की अशीच रेघ ओढतात. तो कागद बघून म्हणाला, "साहेब, माझा वरचा भाग कुणीतरी कापलाय." आणि चक्क हसला. वरचं ऐकू येईना म्हणून तो ते वाढवत होता, म्हणून ट्रॅक टोचत होते. आणि जे गेलं त्याच्या जागी कान स्वतःच एक सूर वाजवत होता. वर्षानुवर्षं ऑर्केस्ट्राच्या स्पीकरसमोर उभं राहणं आणि वर हेडफोन, असं डॉक्टर म्हणाले. गेलेलं परत येत नाही. तीन-चार वर्षांपूर्वी आला असतात तर उरलेलं आणखी जपता आलं असतं.

तीन-चार वर्षांपूर्वी मी काय म्हणत होतो, ते मला माहीत होतं.

त्यानंतर तीन शुक्रवार मी घरीच बसलो. जायचं कुठल्या तोंडाने? चौथ्या शुक्रवारी मात्र राहवलं नाही. त्याने दार उघडलं, मला बघून बाजूला झाला आणि म्हणाला की बसा, आता वरचं तुम्ही ऐकायचं. जुने सगळे ट्रॅक त्याला दुरुस्त करायचे होते. झांज टोचतेय का? किती? अजून खाली घेऊ? आता बरोबर, की मेली? सुरुवातीला मला काही कळायचं नाही, आणि मी तसं सांगायचो. "नाही, मास्टर. नाही येत." माझ्या प्रत्येक "नाही"वर तो मान डोलवायचा, एखाद्याने चांगली तान घेतल्यासारखी. मग पुन्हा लावायचा. डोकं थोडं फिरवा, तोंड किंचित उघडं ठेवा, वाद्याच्या मागे धावू नका, ते येईल तेव्हा येईल.

आणि एके दिवशी तो पहिल्या दिवसाचा गिटारवाला मला ऐकू आला. डावीकडे मागे, अगदी साधं काहीतरी वाजवत बसला होता. इतकी वर्षं तो तिथेच होता. माझे डोळे भरून आले, आणि मास्टर बघत होता तरी मी ते लपवले नाहीत.

वर्षभर आम्ही ट्रॅक नीट करत होतो. ते कुणालाच नको होते. ग्रुप अ‍ॅपवर खूश होता. मी एक-दोनदा सेक्रेटरी बाईंना ऐकवले, त्या म्हणाल्या छान आहेत हो, आणि मोबाइल बघू लागल्या. मी निवृत्त झालो, त्यामुळे मला सगळेच वार सारखे झाले. पण आम्ही भेटायचो शुक्रवारीच.

मग इमारतीला धोकादायक म्हणून नोटीस लागली. जीन्सचा कारखाना आठवड्याभरात दुसरीकडे गेला. मास्टर शहापूरकडे एका गावात भाचीकडे राहायला गेला. आता तिथे इमारत नाही, पत्रे लावून ठेवलेत. फोनवर त्याला नीट समजत नाही. मी बोलतो, भाची त्याला मोठ्याने सांगते, तो काहीतरी म्हणतो, भाची ते मला सांगते, आणि मग तिघंही थांबतो. गेल्या काही महिन्यांत मीही फोन केलेला नाही. घरी एकटाच हेडफोन लावून बसतो. गाण्यांत इतकं काय काय सापडतं हल्ली, आणि सांगायला कुणी नाही.

मास्टर गावी निघायच्या आधीचा शुक्रवार तेवढा सांगतो. सामान बांधून झालं होतं, फक्त लॅपटॉप आणि हेडफोन बाहेर होते. सहज म्हणून एक गाणं मी ऐकत होतो. शेवटची ओळ संपते, वाद्यं विरत जातात, आणि अगदी शेवटी, सगळं थांबायच्या आत, मला काहीतरी ऐकू आलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. गाणाऱ्या बाईंनी हात खाली घेतला असावा. बांगड्या वाजल्या होत्या. अगदी बारीक, दोनदा. हे मला मास्टरने दाखवलं नव्हतं, त्याच्या कुठल्याच वहीत नव्हतं. माझं मला सापडलेलं हे पहिलंच.

मी हेडफोन त्याच्या कानाला लावला. म्हटलं, मास्टर, शेवटी बघा, बांगड्या वाजतायत. त्याने डोळे मिटले. मी गाणं तिथे नेऊन लावलं. तो ऐकत होता. मी पुन्हा लावलं. त्याच्या कपाळावर आठी आली आणि गेली. तिसऱ्यांदा लावलं. मग त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी काय चेहरा करून बसलो होतो, मला माहीत नाही.

"हो, साहेब," तो म्हणाला. "ऐकलं. काचेच्या आहेत."

डॉक्टरांच्या कागदावर रेघ जिथे खाली जाते, त्याच्या कितीतरी पलीकडचा तो आवाज होता. मी मान हलवली, त्याच्या कानावरचा हेडफोन काढून घेतला आणि वायर नीट गुंडाळून पिशवीत ठेवली.